वडील २०१९ मध्ये गेले, खरेदीखत २०२३ चं

वाचकाचं पत्र (थोडं आखडून):

ताई, माझं माहेर सांगली जिल्ह्यात, सासर पिंपरीत. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा ऑगस्ट २०१९ मध्ये वारले. पावणेदोन एकर बागायत आहे, त्यात ऊस असतो. आई गावीच राहते, शेत वाट्याने दिलंय. वारसनोंद लावायची आमच्याकडून राहूनच गेली. दिवाळीत सोसायटीच्या कामासाठी सातबारा काढला तर बाबांच्या नावाला कंस आणि खाली चुलतभावाचं नाव. फेरफार, म्हणजे नाव कशावरून बदललं त्याची नोंद, काढला, तर एप्रिल २०२३ मध्ये बाबांनी त्याला खरेदीखत करून दिलंय म्हणे! तलाठी म्हणतात प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) जा, तिथले कारकून म्हणतात कोर्टात जा. पोलिसांना अर्ज दिला, त्यांनी चुलतभावाचा जबाब घेतला आणि 'हे दिवाणी आहे' म्हणून मला समज दिली. जबाबासोबत त्याने २००६ सालचा शंभराच्या स्टॅम्पवरचा एक कागद जोडलाय, त्याचं म्हणणं, काकांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, तेव्हाच जमीन त्याला लिहून दिली होती. त्याचा फोटो पाठवते. आई आता सांगते की जून २०२३ मध्ये कसल्या तरी कागदावर तिचा अंगठा घेतला होता. चुलतभाऊ पाच लाख देतो म्हणतो, मिटवून टाका. आई म्हणते शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. काय करू?

उत्तर:

तलाठ्याकडे चकरा मारणं आजपासून बंद करा. तो माणूस चांगला असो की वाईट, तुमचं दुखणं त्याच्या हातात नाही. सातबाऱ्यावर चुलतभावाचं नाव लागलं म्हणून जमीन त्याची झाली नाही, आणि उद्या ते उडालं म्हणून वाद मिटणार नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने इतक्या वेळा सांगितलंय की आता तालुक्याच्या कोर्टातले शिपाईसुद्धा ते म्हणून दाखवतील. नोंद उभी आहे ती खरेदीखताच्या जिवावर. तुमचं भांडण त्या खरेदीखताशी आहे, आणि नोंदवलेलं खरेदीखत रद्द ठरवायचं काम दिवाणी न्यायालयाचं. दुय्यम निबंधकांना ते करता येत नाही, तहसीलदारांनाही नाही.

तेव्हा पहिलं काम, दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढा. सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा नुसता सारांश, नव्हे, अख्खा दस्त, शेवटच्या पानापर्यंत. लोक पहिली चार पानं वाचतात, चतुःसीमा तपासतात आणि थांबतात. तुमच्या कामाची पानं शेवटी असतात. 'दस्त गोषवारा' असं वर लिहिलेलं पान शोधा. त्यावर लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दोघांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे शेजारी शेजारी असतात. खाली शिक्क्यांच्या वेळा असतात: दस्त कधी सादर झाला, फी कधी भरली, कबुली कधी दिली, ओळख कधी पटवली. मिनिटासकट. बाबा जाऊन साडेतीन वर्षं उलटल्यावर त्यांच्या नावासमोर कोणी तरी बसून कॅमेऱ्यात बघितलंय. तो चेहरा त्या पानावर आहे.

त्याच पानावर आणखी दोन चेहरे असतात, ओळख देणाऱ्यांचे. लिहून देणाऱ्याला आम्ही व्यक्तिशः ओळखतो, अशा अर्थाच्या ओळीखाली त्यांच्या सह्या असतात. बनावट दस्तात सगळ्यात कच्चा दुवा हाच. तोतया बाहेरगावचा आणतात, पण ओळखदार बहुधा तालुक्याच्या आवारात बसणारे नाही तर जवळच्या गावचे असतात. चहापाण्याच्या पैशात सही करणारा माणूस पोलीस दारात आले की किती वेळ गप्प बसेल, तुम्हीच सांगा.

मोबदल्याचं कलमही वाचा. रोख लिहिलं असेल तर लगेच खूण करा, कारण जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायदा २०१५ पासून मनाई करतो. चेकने दिलं असं लिहिलं असेल तर आणखी बरं. चेकचा नंबर असेल, बँक असेल, आणि तो कोणाच्या खात्यात वटला हे कोर्टामार्फत मागवता येतं. मेलेल्या माणसाच्या खात्यात वटला तरी प्रश्न, नाही वटला तरी प्रश्न. दस्ताला जोडलेली आधारची प्रतही बघा. नाव बाबांचं, फोटो भलत्याचा, हे मी एकदा नाही, तीन-चारदा पाहिलंय.

आता तो २००६ चा कागद. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चौथ्या ओळीत रक्कम आहे, पंचाहत्तर हजार. टाइप केलेल्या त्या आकड्याच्या आधी ₹ हे चिन्ह आहे. हे चिन्ह केंद्र सरकारने स्वीकारलं १५ जुलै २०१० रोजी. त्याआधी ते कोणत्याही कीबोर्डवर नव्हतं, छापखान्यात नव्हतं, कशातच नव्हतं. म्हणजे ज्याने हा कागद २००६ मध्ये टाइप केला त्याला चार वर्षं आधी स्वप्न पडलं असणार!

हे मी इथे उघड का लिहिते? कारण तो कागद त्याने पोलिसांना लेखी जबाबासोबत दिलाय. आता 'असा कागदच नाही' म्हणायची सोय राहिलेली नाही. तरी त्या जबाबाची आणि जोडपत्रांची प्रत माहिती अधिकारात काढून ठेवा, फक्त मोबाइलमधल्या फोटोवर राहू नका. असले कागद आपणहून बोलतात. परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला, आणि माझ्यासमोर एकदा १९९५ सालचं वाटणीपत्र आलं होतं, त्यात ठसठशीत 'जिल्हा हिंगोली'. समोरच्या वकिलांनी ते वाचलं, कागद उलटा ठेवला आणि पुढची तारीख मागितली.

स्टॅम्पची मागची बाजूही मागवा. तिथे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं, आणि विक्रेत्याला त्याची नोंदवही ठेवावी लागते. तेलगीचं प्रकरण उघडकीला आल्यापासून कोर्टंही हा भाग बारकाईने बघतात. आणि समजा कागद खरा असता तरी काय? शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरच्या, न नोंदवलेल्या कागदाने पावणेदोन एकर जमिनीची मालकी जात नसते. शिवाय २००६ मध्ये जमीन मिळालेली असताना २०२३ मध्ये पुन्हा विकत कशाला घेतली, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. मला ते ऐकायला आवडेल.

इथवर वाचून तुम्हाला धीर आला असेल. आता जे लिहिते त्याने थोडा जाईल.

आईंचा अंगठा. खरेदीखताची नोंद धरताना जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस काढतात. जून २०२३ मध्ये आईंचा अंगठा घेतला तो बहुतेक त्या नोटिशीवर. आईंना त्यातलं अक्षर कळलं नाही हे मला मान्य, तुम्हाला मान्य. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की यांना तेव्हापासून माहीत होतं. दस्त रद्द करून मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे तीन वर्षं मिळतात, आणि ती दस्ताच्या तारखेपासून नव्हे, तर तुम्हाला गोष्ट कळली तेव्हापासून. फसवणूक असेल तर कलम १७ ही मदतीला येतं. तुम्हाला दिवाळीत कळलं, हे खरं. तरीही हिशेब कडक धरा आणि जून २०२३ पासूनच मोजा. म्हणजे जून २०२६. तुमच्या पत्रावरची तारीख बघता हातात जेमतेम पाच महिने आहेत.

कोणी तुम्हाला सांगेल की मयताच्या नावाने केलेला दस्त मुळातच शून्य असतो, त्याला मुदत लागत नाही, मालकीच्या आधारे ताबा मागायला तर बारा वर्षं असतात. या म्हणण्यात तथ्य आहे, वाद घालायला ते उपयोगी पडेल. पण राखीव म्हणून. पाच महिने हातात असताना बारा वर्षांच्या भरवशावर झोपू नये.

दाव्यात काय मागायचं हे वकील ठरवतील, पण तुम्हाला ठाऊक असावं. बाबांचे वारस म्हणून आई आणि तुम्ही दोघी मालक आहात असं ठरवून मिळावं, एप्रिल २०२३ चं खरेदीखत बनावट, शून्य आणि तुमच्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मिळावं, आणि कायमची मनाई. ताब्याबद्दल खरं तेच लिहा. ताबा गेलेला असेल आणि दाव्यात फक्त 'मालकी ठरवून द्या' एवढंच मागितलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ मुळे दावा तिथेच अडतो. आणि 'फसवणूक झाली' असं मोघम लिहून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे कोणी, कधी, कसं हे तपशिलाने लिहावं लागतं. तुमच्याकडे तो तपशील आहे, दोन ओळींचा: मृत्यूचा दाखला अमुक तारखेचा, दस्त तमुक तारखेचा. एवढं सोपं प्रकरण वकिलांच्या वाट्याला फार येत नाही. त्याला उगीच दहा आरोपांची झालर लावू देऊ नका.

तलाठी, तहसीलदार, दुय्यम निबंधक यांना रागाच्या भरात प्रतिवादी करू नका. सरकारी अधिकाऱ्यावर दावा आणायचा तर त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, नाहीतर कोर्टाची परवानगी मागत बसायचं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने पक्की करून घ्या. बाबांकडे जमीन आली कशी? आजोबांकडून वाटणीने आली असेल तर तो जुना वाटणीचा फेरफार शोधा. चुलतभाऊ हरतोय असं दिसलं की 'ही एकत्र कुटुंबाची जमीन, माझ्या वडिलांचाही हिस्सा होता' हा सूर लावेल. तो फेरफार हातात असला की त्या सुराला ताल मिळत नाही. बाकी 'मुलींचा काय संबंध' असं तो गावात म्हणत असेल तर म्हणू दे. विधवा पत्नी आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस. त्या असताना पुतण्या रांगेत उभाही राहत नाही.

दावा तयार होईपर्यंत, म्हणजे याच आठवड्यात, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट टाका. सातबारा त्याच्या नावावर आहे. तो तेवढा कागद घेऊन आईंविरुद्धच मनाईचा दावा आणू शकतो, 'ही बाई माझ्या शेतात अडथळा करते' म्हणून. कॅव्हेट असेल तर तुमचं ऐकल्याशिवाय कोर्ट एकतर्फी हुकूम करत नाही. ते नव्वद दिवस चालतं. खर्च किरकोळ.

कारण खरी किंमत ताब्याची आहे. आज शेत तुमच्याकडे आहे, हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल. ऊस कारखान्याला कोणाच्या नावाने जातो? नोंदीची पावती, वजनाच्या चिठ्ठ्या, बिलं, पंपाचं वीजबिल, सोसायटीचा खातेउतारा, ई-पीक पाहणीत काय लागलंय, हे सगळं एका पिशवीत जमा करा. वाटेकऱ्याला सांभाळा. त्याला चार पैसे जास्त देऊन फोडणं हा समोरच्यासाठी सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. वाट्याचा करार तोंडी असेल तर आता लेखी करा आणि त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो, त्यावर निकाल होतो तो याच पिशवीच्या जोरावर. दाव्याचा अंतिम निकाल लागायला किती वर्षं जातील, ते मी खोटं सांगणार नाही. पण मनाई मिळाली की ती वर्षं त्याची जातात, तुमचा ऊस चालूच राहतो.

दावा दाखल झाला की वादप्रलंबनाची, म्हणजे लिस पेंडन्सची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. त्याने जमीन तिसऱ्याला विकायचा घाट घातला तर घेणाऱ्याला 'मला वाद माहीत नव्हता' म्हणता येऊ नये. भूमी अभिलेख कार्यालयात त्याने मोजणीचा अर्ज केलाय का, तेही विचारा. मोजणी हा विक्रीचा वास असतो.

महसुलाकडचं काम साफ सोडायचं नाही, फक्त त्याच्यावर विसंबायचं नाही. प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध अपील करा. मुदत साठ दिवसांची होती, ती गेली, म्हणून विलंबमाफीचा अर्ज सोबत द्या. वारसनोंदीचा अर्जही द्या. आज तो मंजूर होणार नाही, पण पोच जपून ठेवा. कायदा म्हणतो की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावी. तुम्ही कित्येक वर्षं दिली नाहीत. रागावत नाही, निम्म्या महाराष्ट्राचं हेच आहे. पण बनावट दस्त करणारे नेमके असेच सातबारे हेरतात. मयताचं नाव तसंच, वारस शहरात, घरात मुलगा नाही. गोव्यातही तेच झालं. परदेशी गेलेल्या लोकांच्या आणि मयतांच्या घरा-जमिनींवर बनावट कागद करून डल्ला मारल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं.

पोलीस 'दिवाणी आहे' म्हणाले. ते प्रत्येकालाच म्हणतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हा फरक नीट उलगडून दाखवलाय. एखाद्याने स्वतःच्या नावाने, 'ही माझी जमीन' असं म्हणून दुसऱ्याची जमीन विकली, तर ते लबाडीचं असेल, पण तो बनावट दस्त होत नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन सही केली तर होतो. तुमच्याकडे सोंग आहे, तेही मयताचं. त्यामुळे अर्जात 'जमीन बळकावली' हे शब्द नकोत. 'अमुक तारखेला मयत झालेल्या इसमाच्या नावाने तोतया इसम उभा करून तमुक क्रमांकाचा दस्त नोंदवला' असं लिहा, मृत्यूचा दाखला आणि दस्ताची प्रमाणित प्रत जोडा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतील: ४१९, ४२०, ४६७, ४६८, ४७१. ४६७ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून तक्रार बाद होत नाही. ठाण्यात नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, मग प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली. ही पायरी वगळून थेट वर गेलात तर अर्ज परत येईल.

पाच लाख. घेऊ नका. बागायतीचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण रक्कम पाचऐवजी पन्नास असती तरी मी हेच सांगितलं असतं, कारण तो पैसे देऊन सही मागणार, आणि ती सही हक्कसोडपत्रावर असेल, नाहीतर 'वडिलांनी विकल्याचं आम्हाला मान्य आहे' अशा कागदावर. ती झाली की फोटोतला चेहरा आणि ₹ चं चिन्ह, सगळं मातीत. मिटवायचंच असेल तर उलट दिशेने मिटवा: दस्त शून्य आहे हे त्याने कोर्टात तडजोडीने कबूल करायचं, तसा हुकूमनामा घ्यायचा आणि त्यावरून फेरफार. लोकअदालतीत हे एका दिवसात होतं. त्याच्या बदल्यात 'पोलीस केस मागे घेतो' असं वचन मात्र देऊ नका. ४६७ सारखा गुन्हा फिर्यादीच्या इच्छेने मिटत नाही, त्याला हायकोर्टात जावं लागतं.

पैशाची काळजी थोडी कमी करते. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेने. तुम्ही तिघीही वादी स्त्रियाच. वकिलांना ती अधिसूचना दावा दाखल करतानाच पुढे करायला सांगा. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आईंची म्हण खरी आहे, मी स्वतः तीस वर्षं त्या पायऱ्यांवर उभी आहे म्हणून सांगते. फक्त त्यांना एवढं सांगा की पायरी आपण चढलो नाही, आधी कोणी तरी आपल्या माणसाचं नाव घेऊन निबंधकाची पायरी चढून आलंय. आणि त्या अंगठ्यावरून त्यांना घरात कोणी बोलू नका. उलट वकिलांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा त्यांना सोबत न्या आणि गोषवाऱ्याचं पान त्यांच्यासमोर ठेवा. गावातल्या तीन पिढ्यांचे चेहरे त्यांना पाठ असतील. बाबांच्या नावासमोर कोण बसलाय, ते कदाचित त्याच सांगतील.